वांग, ठिपके आणि लेझर
चेहऱ्यावरचा कुठलाही डाग लेझरने जातो, हा समज जाहिरातींनी पसरवला आहे. लेझरचा प्रकाश त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यात शोषला जातो. झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागातच संपतो, त्यामुळे उष्णता आजूबाजूला पसरण्याआधी रंगकण फुटतात. मग शरीरातल्या पेशी तो चुरा हळूहळू उचलून नेतात. अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी नेमके रंगकणच फोडण्याचं हे तत्त्व १९८३ मध्ये मांडलं. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वरवरच्या ठिपक्यांसाठी वापरतात. १०६४ नॅनोमीटरचा खोल जातो, म्हणून डोळ्याभोवतीचा जन्मजात निळसर डागही त्याने बराच फिका होतो, अर्थात अनेक बैठकांनंतर.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन मुळातच भरपूर. ऊर्जा जरा जास्त झाली, की डागाच्या जागी आधीपेक्षा गडद डाग उमटू शकतो. वांग तर भलताच चिवट! ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या यांनी तो वाढतो आणि लेझरने फिकटला तरी बहुधा परततो. त्यासाठी आधी सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम. लेझरचा विचार नंतर. आकार किंवा रंग बदलणारा तीळ मात्र तपासणीशिवाय कोणालाही जाळू देऊ नये, पार्लरवाल्यांना तर नाहीच.