एकदाही पहिला नाही, तरी विजेता!

समजा, चार दिवसांची सायकल शर्यत आहे. चार गडी उतरलेत: अंधेरीकर, बोरिवलीकर, घाटकोपरकर आणि मुलुंडकर. (इंटरनेटवर शोधू नका, चौघांना मी आत्ताच जन्माला घातलंय.) पहिल्या दिवशी अंधेरीकर पहिला. दुसऱ्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशी घाटकोपरकर, चौथ्या दिवशी बोरिवलीकर. मुलुंडकर बिचारा एकदाही पहिला नाही. आणि चौथ्या संध्याकाळी मोठा चषक कुणाच्या हातात? मुलुंडकरच्या!

वशिला? छे! साधी बेरीज आहे. वही-पेन्सिल घ्या.

अशा शर्यतीत रोज एक टप्पा असतो आणि रोज प्रत्येकाला लागलेला वेळ लिहून ठेवतात. शेवटी सगळ्या दिवसांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो जिंकला. आता गंमत अशी की, सगळे एकाच घोळक्यात शेवटच्या रेषेवर पोचले, तर त्या सगळ्यांना एकच वेळ देतात. घोळक्यात पुढे असलेला हात उंचावतो, फोटो त्याचाच छापून येतो, पण घड्याळाच्या हिशेबात शेपटाकडचा गडीही त्याच्याच बरोबरीचा.

आपल्या शर्यतीचे पहिले दोन दिवस सपाट रस्त्याचे. चौघे एकाच घोळक्यात आले, म्हणजे फरक शून्य. तिसऱ्या दिवशी घाट. घाटकोपरकर पहिला, मुलुंडकर त्याच्यामागे फक्त १० सेकंद, बोरिवलीकर ३ मिनिटं मागे आणि दोनदा हात उंचावणारा अंधेरीकर तब्बल ६ मिनिटं मागे! चौथ्या दिवशी एकेकट्यानं घड्याळाशी झुंजायचं, म्हणजे टाइम ट्रायल. बोरिवलीकर पहिला, मुलुंडकर ५ सेकंद मागे, घाटकोपरकर ४० सेकंद मागे. करा बेरीज. मुलुंडकर १५ सेकंद, घाटकोपरकर ४०, बोरिवलीकर १८०. अंधेरीकरचा हिशेब नकोच, मला वाईट वाटतं. (खऱ्या शर्यतींत बऱ्याचदा टप्प्यातल्या पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. ती मी मुद्दाम बाजूला ठेवली, नाहीतर वही पुरली नसती.)

अशी खरीखुरी शर्यत आपल्या महाराष्ट्रातही झाली. २०२६च्या जानेवारीत १९ ते २३ तारखेपर्यंत ‘पुणे ग्रँड टूर’ रंगली. पाच दिवस, सुमारे ४३७ किलोमीटर आणि देशोदेशींचे सायकलपटू. सुरुवात पुणे शहरातल्या साडेसात किलोमीटरच्या छोट्याशा टाइम ट्रायलनं आणि मग चार मोठे टप्पे. या खेळातली सगळ्यात मोठी शर्यत म्हणजे फ्रान्समधली ‘टूर द फ्रान्स’. तिचे २१ टप्पे, मध्ये दोनच दिवस विश्रांती आणि एकूण अंतर साधारण ३,३०० किलोमीटर. १९०३ साली ती एका वर्तमानपत्रानं सुरू केली, का तर आपला खप वाढावा म्हणून! ते वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापत. १९१९पासून बेरजेत पुढे असलेल्याला जी जर्सी मिळते, तीही पिवळीच.

मग पिवळ्या जर्सीचा दावेदार दिवसभर करतो काय? सांगितलं तर हसाल. तो लपतो!

कुणापासून? हवेपासून. आपल्याला वाटतं हवा म्हणजे काहीच नाही. पण सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरनं एकटं सायकल हाणायची, तर पायांच्या जोरातले दहापैकी आठ-नऊ भाग नुसती हवा बाजूला सारण्यात खर्च होतात. त्यात ती हवा मोठी वस्ताद. तुम्ही वेग दुप्पट केलात की तिचा विरोध चौपट होतो.

घरी करून बघा. टेबल फॅन लावा आणि समोर कागदाची पट्टी धरा. फडफडते? आता दादाला किंवा ताईला मध्ये उभं करा. पट्टी मलूल. सायकलस्वार नेमकं हेच करतात. पुढचा हवा कापतो, मागचा त्याच्या आडोशाला राहतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन इथले संशोधक बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलस्वारांचा अख्खा घोळका संगणकावर आणि हवेच्या बोगद्यात तपासला. २०१८ साली त्यांचं उत्तर आलं: घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्याला हवेचा विरोध एकट्या सायकलस्वाराच्या मानानं फक्त ५ ते १० टक्के जाणवतो!

म्हणून टूर द फ्रान्समध्ये प्रत्येक संघात आठ जण असतात. त्यातल्या बहुतेकांना चषक मिळणार नसतो आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांचं काम म्हणजे पुढे राहून वारा खायचा, मागे संघाच्या गाडीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या आणि आपल्या म्होरक्याची सायकल बिघडली तर स्वतःची काढून द्यायची. मला विचाराल तर खरे वीर हेच. (आणि हो, हे लोक एकमेकांच्या चाकाला जवळजवळ चाक भिडवून जातात आणि धडाधड पडतातही. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर हा प्रयोग अजिबात करायचा नाही!)

पण लपायला एका जागी वाव नाही. ती जागा म्हणजे घाट.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारात भाड्याची सायकल घेऊन कधी कान्हेरीपर्यंत गेलात? मग तुम्हाला चढ माहीत आहे. आता बोरघाट घ्या. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढायची, म्हणजे मुलुंडमधल्या पन्नास मजली तीन इमारती एकावर एक ठेवल्यासारख्या. चढावर वेग उतरतो आणि त्याबरोबर हवेचा दरारा उतरतो. मित्राच्या पाठीमागे लपून फारसा फायदा नाही. आता सामना पृथ्वीच्या ओढीशी. तिथे एकच प्रश्न: तुमच्या प्रत्येक किलो वजनामागे पायांत ताकद किती? सपाट रस्त्यावर वाघ असलेला धिप्पाड अंधेरीकर इथेच मागे पडतो आणि काटकुळा घाटकोपरकर पुढे सरकतो. सायकल हलकी करून पळवाट काढावी, तर नियम आडवा येतो. सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही.

आपली जुनी मुंबई–पुणे सायकल शर्यत एकाच दिवसाची, पण बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला तिथे ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फ्रान्समध्ये अशा राजाला १९७५पासून पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी देतात. राजाला ठिपके का, हे त्यांनाच विचारा.

आता सेकंदांची किंमत बघा. टूर द फ्रान्स, १९८९. शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे. उरली फक्त साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे जवळपास अंधेरी ते बोरिवली आणि परत. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडनं डोक्यावर मागे निमुळतं होत जाणारं हेल्मेट चढवलं आणि हँडलला पुढे आलेल्या दांड्या लावल्या. त्या धरून तो हवेत सुरीसारखा शिरला. फिन्योंच्या हँडलला अशा दांड्या नाहीत, डोक्यावर हेल्मेटही नाही, मागे पोनीटेल फडफडतेय. लेमाँडनं अंतर कापलं २६ मिनिटं ५७ सेकंदांत, म्हणजे ताशी साडेचोपन्न किलोमीटर! अंधेरीहून बोरिवली सव्वातेरा मिनिटांत. स्लो लोकल मागेच राहिली असती. फिन्योंला ५८ सेकंद जास्त लागले.

५० सेकंदांची आघाडी गेली आणि वर ८ सेकंद. तीन आठवडे, ३,२०० किलोमीटरहून जास्त अंतर, ८७ तासांहून अधिक वेळ आणि शेवटी फरक फक्त ८ सेकंदांचा. टूरच्या इतिहासातला हा सगळ्यात छोटा फरक.

लेमाँड पुढच्या वर्षीही, १९९०मध्ये, टूर जिंकला. त्या वर्षी त्यानं एकूण किती टप्पे जिंकले, ओळखा?

शून्य.