डाग गेला, पण रोग गेला का?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांतली गोष्ट. दुपारी दवाखाना बंद करण्याच्या वेळी एका पस्तिशीच्या बाईंना त्यांचे यजमान आणि सासूबाई रिक्षातून घेऊन आले. बाईंचा खोकला थांबत नव्हता, डोळे लाल होऊन पाणी वाहत होते, छाती आवळल्यासारखी वाटत होती. विचारपूस केल्यावर कळले, की पिवळे पडलेले टॉवेल पांढरे करण्यासाठी त्यांनी ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवले होते. डाग हटेनात म्हणून त्याच बादलीत संडास साफ करण्याचे ॲसिड ओतले. न्हाणीघराचे दार बंद होते. दोन मिनिटांत त्यांचा जीव घुसमटला. त्यांना ऑक्सिजनसाठी पुढे पाठवावे लागले. दोन दिवसांनी त्या घरी आल्या, पण एका टॉवेलच्या डागापायी जिवावर बेतले होते.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन नावाचा विषारी वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली हाच वायू सैनिकांवर सोडला होता, हे सांगितले म्हणजे त्याची जात कळेल. म्हणून पहिला नियम पाठ करा : ब्लीचमध्ये ॲसिड, लिंबू, व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही सफाईचे औषध कधीही मिसळू नये.

खरे तर बहुतेक डागांना इतक्या जहाल उपायांची गरजच नसते. डाग कशाचा आहे हे ओळखले की निम्मे काम होते.

रक्ताचा डाग : याला गरम पाणी लावू नये. उष्णतेने अंड्याचा बलक घट्ट होतो, तशीच रक्तातली प्रथिने गोठून धाग्याला चिकटतात. कपडा लगेच थंड पाण्यात, थोडे मीठ घालून, अर्धा तास भिजवावा आणि मग साबण लावावा. पांढऱ्या सुती कपड्यावरचा जुना डाग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडने निघतो. रक्त दुसऱ्याचे असेल तर हातात रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी घालावी. ‘ब’ प्रकारच्या काविळीचे विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतात.

हळदीचा डाग : साबण लावताच तो लाल होतो आणि गृहिणी घाबरतात. साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग तेवढ्यापुरता बदलतो, इतकेच. कपडा धुऊन ओलाच कडक उन्हात टाकावा. दोन-तीन उन्हांत डाग आपोआप उडतो.

तेला-तुपाचा डाग : उशीच्या अभ्र्यावरचे डोक्याच्या तेलाचे डाग याच जातीचे. इथे मात्र गरम पाणी, साबण आणि चमचाभर धुण्याचा सोडा हवा.

गंजाचा डाग : लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवावे, नंतर स्वच्छ पाण्याने खळबळावे. गंजाला ब्लीच लावले तर डाग जाण्याऐवजी पक्का होतो.

पावसाळ्यातले काळे ठिपके : ही बुरशी असते. पांढऱ्या सुती कपड्यासाठी बादलीभर थंड पाण्यात दोन लहान चमचे ब्लीचिंग पावडर कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरच्या नितळ पाण्यात कपडा पंधरा-वीस मिनिटे बुडवावा. हे काम उघड्या अंगणात करावे. रंगीत, रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना हा उपाय चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. डाग म्हणजे रोग नव्हे, आणि पांढरेपणा म्हणजे स्वच्छता नव्हे. नीळ घातलेला टॉवेल चकचकीत दिसतो, पण निळीने पिवळेपणा फक्त लपतो, जंतू मरत नाहीत. उलट हळदीचा फिकट डाग राहिलेला, पण उन्हात कडकडीत वाळलेला पंचा आरोग्याला अधिक चांगला.

माझ्याकडे नायट्याचे रोगी येतात तेव्हा मी आधी विचारतो, ‘घरात टॉवेल किती?’ पाच माणसांत दोन टॉवेल, हे उत्तर नेहमीचे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात नायटा फार चिवट झाला आहे. मनाने आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे हे त्याचे एक मोठे कारण, आणि एकाच टॉवेलला सगळ्यांनी अंग पुसणे हे दुसरे. डोळे येण्याची साथ आणि खरूज याही याच वाटेने घरभर फिरतात. एकाला औषध देऊन उपयोग नसतो. टॉवेल त्याला पुन्हा रोग देतो.

म्हणून प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवावा. तो वापरल्यावर गोळा करून न ठेवता दोरीवर पसरावा आणि दोन-तीन दिवसांनी धुवावा. घरात नायटा किंवा खरूज असेल तर टॉवेल, चादरी, अभ्रे आणि आतले कपडे उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ठेवून उन्हात वाळवावेत. गोधडीसारखे जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे; खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

एक गोष्ट भगिनींसाठी. मासिक पाळीचे कापड लाजेपोटी दुसऱ्या कपड्याखाली, अंधारात वाळवले जाते. ते ओलसर राहून त्यात जंतू वाढतात. त्यावर डाग राहिला तरी चालेल, पण त्याला ऊन मिळालेच पाहिजे. यात लाजण्यासारखे काही नाही, आणि घरातल्या पुरुषांनीही हे समजून घ्यावे.

शेवटी सावधगिरीचे दोन शब्द. ॲसिड किंवा ब्लीच शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेले मूल ती तोंडाला लावते. तसे झालेच तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. तोंड धुऊन बाटलीसह तडक रुग्णालयात न्या. डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि मग डॉक्टरांकडे जा. वायूने घुसमटलेल्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा. खोकला थांबला तरी डॉक्टरांना दाखवा, कारण त्रास काही तासांनी पुन्हा वाढू शकतो.

त्या बाई परवा तपासायला आल्या होत्या. ‘टॉवेलांचे काय केले?’ मी विचारले. हसून म्हणाल्या, ‘पाय पुसायला घेतले, डॉक्टरसाहेब. आणि घरात प्रत्येकाला एकेक नवा आणला.’ उपचार पूर्ण झाला म्हणायचा!