संगणकाचे रोगनिदान

घरचा संगणक मध्येच थिजतो, पडद्यावर रंगीत रेघा उमटतात. या दोन व्याधींचे मूळ पुष्कळदा एकच असते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात चित्रासाठी मुख्य रॅमचाच काही भाग वापरला जातो. त्यामुळे रॅमची एक पट्टी बिघडली तरी दोन्ही लक्षणे दिसतात. वडोदऱ्याच्या ४० अंशांपलीकडील उन्हाळ्यात धुळीने कोंडलेला पंखाही हेच घडवतो.

पाठचिकित्सा शिकवताना मी सांगत असे, आधी मूळ प्रत जपावी. येथेही प्रथम आपले लेखन पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. मग वीज तोडून धूळ काढावी. तेवढ्याने न भागल्यास रॅमच्या पट्ट्या आळीपाळीने एकेकट्या लावून मेमटेस्टने तपासाव्यात. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे दोष नेमका सापडतो. यंत्र पुन्हा विकत मिळते. हरवलेले लेखन मिळत नाही.