धरण एक, धनी अनेक

हैदराबादच्या अंबरपेठेजवळून मुसी नदी वाहते की शहराचे सांडपाणी वाहते, असा प्रश्न पडावा अशी तिची दशा आहे. तेथे मलजल शुद्ध करण्याचे मोठे केंद्र आहे. पुढे मुसी वाडापल्लीजवळ कृष्णेला मिळते. पण त्या सांडपाण्यातील मोठा वाटा मुळात कृष्णेचाच! नागार्जुनसागराच्या जलाशयातून शंभरावर किलोमीटरची मजल मारून, पंपांच्या साह्याने चढ चढून, ते पाणी २००४ पासून शहराच्या नळांत येते आणि धरणाच्या खाली पुन्हा नदीत जाते.

१० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली, तेव्हा शहराची तहान भागविणे हे काही या धरणाचे मुख्य प्रयोजन नव्हते. दोन्ही तीरांवरील शेती भिजावी म्हणून ते बांधले. त्यासाठी नागार्जुनकोंड्याची इक्ष्वाकूंची राजधानी पाण्याखाली गेली. तिचे अवशेष ज्या टेकडीवर नेऊन मांडले, ती आज बेट झाली आहे. १९६७ मध्ये इंदिरा गांधींनी कालव्यांत पाणी सोडले. वीज त्यानंतर आली. पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता सुमारे ८१५ मेगावॉट असून तेथील आठांपैकी सात यंत्रे उलटीही फिरतात. वीज मुबलक असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच पाणी पुन्हा खाली पाडावयाचे. युक्ती नामी आहे, यात शंका नाही.

'बहुउद्देशीय' हा शब्द सरकारी पुस्तिकांत मोठा गोड दिसतो. परंतु शेतकऱ्याला पाणी हंगामात हवे असते, वीजमंडळाला मागणीच्या घटकेला. पूर अडवावयाचा तर जलाशय रिता हवा. इतर सर्वांना तो काठोकाठ भरलेला हवा. २०२१ च्या पावसाळ्यात तेलंगणाने श्रीशैलम व नागार्जुनसागर येथे जोमाने वीजनिर्मिती केली, तेव्हा आपल्या वाट्याचे पाणी वाया जाते म्हणून आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला. धरणांवर पोलीस उभे राहिले. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, तेलंगणात विधानसभेचे मतदान असताना, आंध्रच्या पोलिसांनी नागार्जुनसागराच्या २६ पैकी १३ दरवाजांचा ताबा घेतला. अखेर केंद्रीय राखीव पोलीस दल आणावे लागले. ही दोन्ही राज्ये २०१४ पर्यंत एकच होती, हे विसरू नये.

गोमंतकीयांनी हे दूरचे भांडण समजू नये. १४ ऑगस्ट २०१८ च्या म्हादई निवाड्याने कर्नाटकाला दिलेल्या १३.४२ अब्ज घनफुटांपैकी ८.०२ अब्ज घनफूट पाणी जलविद्युतेसाठी आहे. वीज करून ते नदीतच परत येईल, असे सांगितले जाते. तत्त्वतः ते खरे आहे. पण केव्हा? मांडवीत उन्हाळ्यात खारे पाणी किती आत चढते, हे वरून येणाऱ्या गोड्या पाण्यावर ठरते. वीजगृहाच्या सोयीने सुटलेले पाणी आमच्या खाजनांच्या आणि बागायतींच्या सोयीचे असेलच असे नाही. तेव्हा पाण्याच्या आकड्याबरोबरच ते सोडण्याचे महिनावार वेळापत्रकही गोवा सरकारने लेखी मागून घ्यावे, अशी आमची मागणी आहे.