आकडा मोठा, डबा हलका

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कांद्याची चाळ पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. चाळ राहिली बाजूला, तात्यांनी मला थेट मधल्या घरात नेले. "साहेब, मोटार जळाली तर का जळाली ते समजतं. हे का जळालं ते तुम्ही सांगा."

टेबलावर कॉम्प्युटर होता. कांद्याच्या पट्टीतून साठ हजार घालून कॉलेजातल्या पोराला घेऊन दिलेला. अभ्यास होईल आणि गेमचीही हौस फिटेल, हा हिशेब. एका रात्री थ्री फेज आली, आजूबाजूच्या मोटारी ऑटोवर एकदम सुरू झाल्या, बल्ब मंदावला, पुन्हा भडकला आणि पेटीतून फट्ट आवाज आला. आतला वीजपुरवठ्याचा डबा गेला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. "रात्रभर गेम खेळून जाळला," म्हणून पोराला घरात बोलणी बसली होती. ते बिचारे मान खाली घालून उभे.

या डब्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात. लाइनची २३० व्होल्ट वीज घेऊन तो आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. मी तो हातात घेतला. रिकाम्या डब्यासारखा हलका. वर लिहिलेले ४५० वॅट. पण खालच्या बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या लाइनला फक्त १६ अँपिअर. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. गेम खेळताना खरा भार याच लाइनवर येतो. त्या कॉम्प्युटरात आरटीएक्स ३०६० जातीचे ग्राफिक्स कार्ड होते, ते १७० वॅट मागते. कोअर आय ५ १२४०० हा प्रोसेसर जोरात चालला की ११७ वॅटपर्यंत जातो. बेरीज २८७. पाच एचपीची पाटी लावून तीनची मोटार गळ्यात मारावी, तसाच हा प्रकार.

शेतकरी बंधूंनो, आता बऱ्याच घरांत असा कॉम्प्युटर येतो आहे. तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, वॅट. पंप निवडताना आपण हेड पाहून थोडी ताकद जास्त धरतो, तसेच इथेही. वर सांगितलेल्या कार्डासाठी कंपनीच ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, कारण कार्ड मधूनच क्षणभर मोठा झटका ओढते. डबा पुऱ्या ताकदीवर सतत राबला की तापतो आणि आतले कपॅसिटर लवकर थकतात.

दुसरी, लेबल. १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२ करून पाहा. ५५० वॅटच्या चांगल्या डब्यावर ४५ अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे ५४० वॅट. इनपुट १०० ते २४० व्होल्ट असेल तर आपल्याकडच्या कमी दाबात तो तग धरतो. २०० ते २४० लिहिलेला टाळावा.

तिसरी, शिक्का. '८० प्लस' हा शिक्का २००४ पासून आहे. त्यातल्या साध्या दर्जाचा अर्थ असा, की २०, ५० आणि १०० टक्के भारावर डबा किमान ८० टक्के वीज कामी लावतो. पण हा शिक्का वीजबचतीचा आहे, टिकाऊपणाचा नव्हे. त्यासाठी जादा व्होल्टेज, जादा भार, शॉर्टसर्किट आणि उष्णता यांपासून संरक्षण आहे का ते विचारावे. पाच वर्षांची वॉरंटी आणि पक्के बिल घ्यावे. बियाण्याची पिशवी आपण पावतीशिवाय घेत नाही, मग हे का घ्यावे?

चौथी, अर्थिंग. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराला अर्थिंग नाही असे समजा आणि जाणत्या वायरमनकडून करून घ्या. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून भागत नाही, उन्हाळ्यात पाणीही घालावे लागते. विजा कडाडू लागल्या की प्लगच काढावा. यूपीएस घ्यायचा तर प्युअर साइन वेव्हचा पाहावा. साध्या यूपीएसवर चांगल्या प्रतीचे काही एसएमपीएस लाइट जाताच बंद पडतात. शिवाय ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो, हेही विसरू नये.

चांगला डबा चार-पाच हजारांना येतो. तात्यांना हलका डबा पेटीबरोबर 'फुकट' मिळाला होता.

मी वहीवर गुणाकार करून दाखवला. तात्या बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिले. मग पोराला म्हणाले, "बाळा, उद्या आपण दोघं दुकानात जाऊ. गुणाकार तू कर, पैशाचं मी बघतो." पोराने पहिल्यांदाच मान वर केली. मग आम्ही कांदा बघायला चाळीकडे निघालो.