रजईतील हवा

रजई अंगाला ऊब देते असे म्हटले जात असले, तरी ऊब निर्माण करण्याचे काम तिच्याखाली झोपलेले शरीरच करीत असते. ती उष्णता बाहेर निसटू न देणे एवढेच रजईचे काम असते आणि तेही तिच्यातील रुई किंवा पिसे जितके करतात, त्याहून कितीतरी अधिक त्यांच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे, मात्र ती जागच्या जागी थांबली तरच तिचा हा गुण उपयोगी पडतो. पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून दबलेली किंवा ओलावलेली रजई वजनाने तेवढीच किंवा अधिक जड असूनही गार लागते, आणि पांघरुणाची निगा राखणे याचा अर्थ प्रत्यक्षात त्याच्यातील हवेची निगा राखणे असाच होतो.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या सिहोरा परिसरात ही निगा दोन परस्परविरोधी ऋतूंना तोंड देत राखावी लागते. चांदपूर जलाशयाच्या शेजारचा हा पट्टा धानाचा आहे. पावसाळ्यात बांध्यांत आठवडेच्या आठवडे पाणी उभे असते, घरातील हवाही दमट राहते आणि पेटीत किंवा माळ्यावर ठेवलेली रुई त्या हवेतील बाष्प शोषत राहते. उलट, हिवाळा सौम्य समजला जात असला तरी पूर्व विदर्भातील थंडी अधूनमधून कडाक्याची पडते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. चार महिने ओल पीत पडलेल्या रजईने त्यानंतर अशी रात्र निभावून न्यावी, अशी अपेक्षा असते.

रुईचा तंतू म्हणजे सरकीवर उगवलेली एकच लांबट पेशी होय. बोंड उकलून ती वाळली की हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. हे पीळच तंतूंना एकमेकांपासून दूर ठेवतात व मधल्या पोकळीत हवा साठते. परंतु हा तंतू सेल्युलोजचा, म्हणजे वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतील मुख्य घटकाचा बनलेला असून त्याला पाण्याचे मोठे आकर्षण असते. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. झोपेत त्वचेतून सतत बाहेर पडणारी वाफ शोषली जाते, हा याचा फायदा आहे. स्वस्त पॉलिएस्टरच्या रजईत अंग चिकट होते, त्याचे कारण तिथे ही वाफ शोषली जात नाही. तोटा असा की ओले तंतू फुगतात, वजनाखाली एकमेकांवर चेपले जातात आणि वाळताना त्यांच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध, म्हणजे शेजारच्या रेणूंना जोडून ठेवणारी दुबळी पण असंख्य आकर्षणे, तयार होऊन गठ्ठे कायमचे होतात. रुईला स्वतःहून पुन्हा फुलण्याची ताकद नसते.

त्यामुळेच रुईची रजई पाण्यात बुडवून धुवू नये. खोळ काढून धुवावी आणि आतल्या भागाला ऊन द्यावे. बुडवलेल्या रजईचा गाभा वाळायला अनेक दिवस लागतात आणि तेवढ्या अवधीत सेल्युलोजवर जगणाऱ्या बुरशीला तिथे पाय रोवता येतात. दबलेल्या रुईवरचा खरा उपाय पिंजाऱ्याकडे असतो. पिंजणाची ताणलेली तात लाकडी ठोकळ्याच्या आघाताने कंप पावते, तो कंप रुईच्या पुंजक्यात शिरतो, गुंतलेले तंतू सुटे होतात आणि जड धूळ व कचरा खाली गळतो. म्हणजे पाण्याचा थेंबही न वापरता रुई स्वच्छ होते आणि हवेसाठी जागाही परत मिळते. आता हे काम बहुधा विजेच्या यंत्रावर होते, त्यात तंतू काहीसे अधिक तुटतात, तरीही दर काही वर्षांनी रुई पिंजून रजई पुन्हा भरून घेणे हे जुनी टाकून नवी आणण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे आहे.

काटेसावरीचा कापूस मात्र या नियमाला अपवाद ठरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्णहीन फांद्यांवर लाल फुले येणाऱ्या या झाडाची बोंडे उन्हाळ्यात उकलतात. त्यांतील तंतू आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट असल्याने पाणी सहज शोषत नाही, पण तो ठिसूळ व गुळगुळीत असल्यामुळे पिंजण्याच्या आघातांत त्याचा भुगा होतो. सावरीची उशी फक्त उन्हात ठेवावी आणि हलकेच झटकावी.

हिवाळ्यात पूर्व विदर्भाच्या तलावांवर उतरणारी तलवार बदके, थापटे आणि चक्रवाक हे पक्षी आपले पांघरूण अंगावरच घेऊन येतात. बाहेरच्या पिसांखाली त्यांना डाऊन नावाच्या मृदू पिसांचा थर असतो. या पिसाला जवळजवळ दांडा नसतो, एका बिंदूपासून सर्व दिशांना केराटिनचे, म्हणजे केस व नखे ज्या प्रथिनाची असतात त्याचे, अतिसूक्ष्म तंतू फुटलेले असतात आणि दाब काढताच ते पुन्हा फाकतात. बाजारातील डाऊन भरलेल्या रजयांवर ६०० किंवा ८०० असा आकडा छापलेला असतो. ६००चा अर्थ असा की एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसे मोकळी सोडल्यास ६०० घनइंच, म्हणजे जवळजवळ १० लीटर जागा व्यापतात. सिहोऱ्याच्या हवामानात यातला मोठा आकडा मिरवण्यापुरताच आहे; लडाखच्या छावणीत तो खरा कामाचा.

पिसांची रजई धुता येते, मात्र प्रथिने विरघळवणारी विकरे असलेली धुण्याची पावडर तिला चालत नाही आणि विरंजक द्रावण तर केराटिन अक्षरशः विरघळवून टाकते. सौम्य, अल्कलीविरहित द्रव साबण कोमट पाण्यात थोडासा घालावा, फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलत राहावे आणि भिजलेली रजई पिळू किंवा टोकाने उचलू नये, कारण पाण्याच्या भाराने कप्प्यांची शिवण उसवते. वाळवणे हा सर्वांत कठीण भाग आहे. वरून कोरडी वाटणारी रजई आतून ओली असते आणि पिसांचे गोळे बोटांनी वारंवार मोकळे केले नाहीत तर ते कुजून दुर्गंधी येते. म्हणून हे काम जुलैत नव्हे, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत, सावलीत आणि भरपूर वाऱ्यात करावे.

धुळीतील सूक्ष्म माइट, म्हणजे माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे अष्टपाद जीव, पाणी पीत नाहीत. ते हवेतील बाष्पच शोषतात, त्यामुळे कोरड्या हवेत ते सुकून मरतात आणि ५५ अंशांच्या वर तापल्यासही टिकत नाहीत. विदर्भाच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपरावर उलटून-पालटून टाकलेली रुईची रजई त्यांना पुरेशी जाचक ठरते. तथापि दम्याच्या रुग्णाला त्रास देणारी त्यांची विष्ठा उन्हाने नाहीशी होत नाही, त्यामुळे वाळवल्यानंतर रजई घराबाहेर झोडपणे आवश्यक असते.

साठवताना पिसांची रजई हवा ओढून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत महिनोन्‌महिने दाबून ठेवणे, हे तिच्या तंतूंची उसळी संपवण्यासारखेच आहे. सैल सुती पिशवी पुरते. डांबरगोळ्यांबाबत अधिक सावधगिरी हवी. त्यांतील नॅफ्थलीनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या नवजात बाळाच्या लाल रक्तपेशी फुटू शकतात आणि पूर्व विदर्भातील काही समाजांत ही कमतरता आढळते. केराटिन खाणाऱ्या कसरीपासून लोकर आणि पिसे वाचवावी लागतात हे खरे; रुईच्या रजईत मात्र त्या किडीला खाण्यासारखे काहीच नसल्याने तिथे डांबरगोळी ठेवण्याचे कारणच उरत नाही.