व्होल्ट हजारो, पण अँपिअर किती?

थंडीच्या दिवसांत नायलॉनचा सदरा अंगातून काढताना तडतड आवाज होतो, अंधारात ठिणग्याही दिसतात. त्या ठिणगीमागे काही हजार व्होल्टचा दाब असतो. घरातल्या विजेचा दाब अवघा २३० व्होल्ट. मग सदऱ्याने माणूस दगावत नाही आणि घरच्या विजेने दगावतो, हे कसे?

कड्यावरून पाण्याचा एक थेंब अंगावर पडला तर आपण हसतो; पण कमरेइतक्या पाण्याचा लोंढा माणसाला घेऊन जातो. दाब म्हणजे व्होल्ट, प्रवाह म्हणजे अँपिअर. अँपिअरचा हजारावा भाग तो मिलिअँपिअर. घरच्या विजेचे दहाएक मिलिअँपिअर शरीरातून गेले की मूठ आवळते, तार सोडवत नाही. शंभराच्या आसपास हृदयाची लय बिघडते आणि जीव जाऊ शकतो.

शिक्षकबंधूभगिनींनो, हे मुद्दाम सांगतो आहे. विज्ञानप्रदर्शनासाठी मुले हौसेने उच्च दाबाचे यंत्र करू पाहतात आणि भंगारातून मायक्रोवेव्ह भट्टीचा ट्रान्सफॉर्मर आणतात. त्याला हात लावू देऊ नका. तो सुमारे दोन हजार व्होल्टला शेकडो मिलिअँपिअर देतो. शिवाय त्याच्या जोडीचा कपॅसिटर खटका बंद केल्यावरही भरलेला राहू शकतो.

शाळेने प्रवाहाला मर्यादा घातलेला तयार पुरवठाच घ्यावा, हे उत्तम. अशा ५,००० व्होल्टच्या पुरवठ्यात बहुधा ५० मेगओहमचा रोधक असतो. ५,००० ला ५ कोटींनी भागा. प्रवाह आला ०.१ मिलिअँपिअर, म्हणजे १०० मायक्रोअँपिअर. व्होल्ट तेवढेच, पण लोंढ्याचा थेंब झाला!

जाणकाराच्या देखरेखीखाली असा रोधक जोडायचा असेल, तर सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. दुकानदाराला नुसते ‘किती ओहम?’ असे विचारू नका, ‘किती व्होल्ट सोसतो?’ हेही विचारा. पाव वॉटचा साधा रोधक साधारण २५० व्होल्टच सोसतो. म्हणून २.२ मेगओहमचे २४ रोधक एकापुढे एक जोडावेत. एकूण ५२.८ मेगओहम होतात आणि एकेकाच्या वाट्याला २०८ व्होल्ट येतात. बैलगाडीचे ओझे अनेक बैलांनी वाटून घ्यावे, तसेच हे.

आता प्रवाह मोजायचा कसा? मीटर उच्च दाबाच्या टोकाला मुळीच लावू नये. प्रवाह परत येतो त्या जमिनीकडच्या वाटेत १० किलोओहमचा एक रोधक पक्का झाळून बसवावा आणि त्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजावेत. एक व्होल्ट दिसला, तर प्रवाह १०० मायक्रोअँपिअर. अर्धा दिसला, तर ५०. वरची साखळी ठीक असेल, तर काटा ०.९५ व्होल्टच्या पुढे जाणार नाही. गेला, तर कुठेतरी रोधक फुटला आहे किंवा ठिणगी आडवाटेने उडते आहे, असे समजा आणि लगेच यंत्र बंद करा.

यात एक खोच आहे. मीटर निखळला, तरी रोधकातून वाट चालू राहते. पण रोधकाचाच सांधा सुटला, तर मीटरच्या तारांवर उच्च दाब चढू शकतो. म्हणून मीटर आधी जोडा, खटका मग दाबा. आणि यंत्र चालू असताना मीटरला शिवू नका. बंद केल्यावरही थांबा, कपॅसिटर रोधकातून रिकामा करा आणि मगच हात घाला.

मुलांची जिज्ञासा मारू नका. फक्त त्यांना सवय लावा : आधी मोजायचे, मग हात लावायचा.